नाव कोठे लिहावे? : नकाशा-नाममांडणीच्या संशोधकांची वाटचाल, एक समीक्षा

संशोधकाचे मोल कशावरून ठरवावे, हा प्रश्न आपल्या महाविद्यालयांत गेली पंधरा-वीस वर्षे वारंवार चर्चिला जात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमांनी एपीआय नावाची गुणांची पद्धत आणली. २०१८च्या नियमांत तिच्यात फेरबदल झाले, मान्य नियतकालिकांची केअर यादी आली आणि २०२५ मध्ये आयोगानेच ती यादी बंद केली. या सर्व काळात प्राध्यापकाने किती निबंध छापले याची मोजदाद झाली. त्याने कोणता प्रश्न हाती घेतला आणि तो किती वर्षे धरून ठेवला, याची विचारपूस मात्र फारशी झाली नाही. अशा वेळी एखाद्या दूरच्या, लहानशा भासणाऱ्या ज्ञानक्षेत्राची पूर्ण वाटचाल समोर ठेवून तपासली, तर आपल्या प्रश्नावर काही प्रकाश पडू शकेल.

त्यासाठी प्रस्तुत लेखात नकाशावर नावे मांडण्याच्या अल्गोरिदमचे क्षेत्र निवडले आहे. विषय संगणकशास्त्राचा आहे, तरी भाषेच्या शिक्षकाने त्यात डोकावणे अनाठायी म्हणता येणार नाही. नकाशावरचे नाव हा शेवटी मजकूरच आहे. तो कोठे बसतो, कोणत्या लिपीत बसतो आणि जागा अपुरी पडली की कोणाचे नाव गळते, हे प्रश्न भाषेचेही आहेत.

प्रश्नाचे स्वरूप

नकाशावर गावाचा एक ठिपका असतो. त्याचे नाव ठिपक्याच्या वर उजवीकडे, वर डावीकडे, खाली उजवीकडे किंवा खाली डावीकडे लिहिता येते. नाव दुसऱ्या नावावर चढू नये, वाचकाला ते कोणत्या ठिपक्याचे आहे हे एका नजरेत कळावे आणि शक्य तेवढी जास्त नावे बसावीत, एवढीच अपेक्षा असते. ऐकायला ही बाब पोरखेळ वाटते. परंतु तिचा हिशोब मांडला की बुद्धी थक्क होते. प्रत्येक गावाला चार जागा धरल्या तर १० गावांच्या मांडणीचे १० लाख ४८ हजार ५७६ प्रकार होतात. २० गावांसाठी तोच आकडा १ लाख कोटींच्या पुढे जातो. ५० गावांसाठी तो १ वर ३० शून्ये इतका होतो. सगळे प्रकार तपासून उत्तम मांडणी निवडायची म्हटले, तर जगातल्या कोणत्याही यंत्राला ते जमणार नाही.

यंत्रे येण्यापूर्वी हे काम नकाशाकार हाताने करीत. स्वित्झर्लंडचे थोर नकाशाशास्त्रज्ञ एडुआर्ड इमहोफ (१८९५–१९८६) यांनी १९६२ मध्ये जर्मन भाषेत नकाशावरील नावांच्या मांडणीवर निबंध लिहिला; त्याचे इंग्रजी रूप १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तम सुलेखनकार आपल्या शागिर्दाला जसे बारकावे सांगतो, तसे नियम इमहोफ यांनी त्यात सांगितले आहेत. समुद्रकाठच्या गावाचे नाव पाण्यावर लिहावे. नदीचे नाव तिच्या वळणाबरोबर वळवावे. मोठ्या प्रदेशाचे नाव अक्षरांत अंतर ठेवून त्या प्रदेशभर पसरावे. या नियमाने वेंगुर्ले आणि मालवण ही नावे अरबी समुद्राच्या बाजूला जातात, सावंतवाडीचे नाव जमिनीवर राहते आणि तिन्ही गावे कोठे आहेत ते वाचणाऱ्याला न सांगता कळते. १९७२ मध्ये इस्रायली नकाशाशास्त्रज्ञ पिनहास योएली यांनी या हस्तकौशल्याला यंत्राला समजेल अशा तर्काची चौकट देण्याचा प्रयत्न केला. या क्षेत्राची सुरुवात तेथून मानता येते.

कारागिरीकडून गणिताकडे

पुढच्या पिढीतील पहिले मोठे नाव हर्बर्ट फ्रीमन (१९२५–२०२०) यांचे. १९६१ मध्ये त्यांनी वक्ररेषा संगणकात साठवण्यासाठी साखळी-संकेताची पद्धत दिली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९८३–८४च्या सुमारास जॉन आन यांच्यासह त्यांनी ‘ऑटोनॅप’ ही नकाशावर आपोआप नावे मांडणारी प्रणाली तयार केली. पुढे रटगर्स विद्यापीठात असताना त्यांनी या कामाचा पाठपुरावा केला आणि त्याच विषयावर कंपनीही उभारली. फ्रीमन यांच्या कामात इमहोफ यांचे नियम जवळजवळ जसेच्या तसे येतात. उस्तादाचा हात यंत्रात उतरवणे, हे त्यांचे ध्येय होते.

यानंतर प्रश्नाचे रूपच पालटले. नियम किती चांगले पाळता येतात, या प्रश्नाच्या जागी हे काम मुळातच किती कठीण आहे, हा प्रश्न आला. जपानमध्ये काटो व इमाई यांनी १९८८ मध्ये, तर १९९१ मध्ये बर्लिनच्या मुक्त विद्यापीठातील मिखाएल फोरमान व फ्रांक वाग्नर यांनी, आणि त्याच वर्षी हार्वर्डच्या जो मार्क्स व स्टुअर्ट शीबर यांनी या प्रश्नाच्या निरनिराळ्या रूपांबद्दल एकाच अर्थाचा निष्कर्ष काढला. प्रश्न ‘एनपी-कठीण’ वर्गातला आहे, म्हणजे सर्व नकाशांसाठी अचूक उत्तर झटपट देणारी पद्धत सापडण्याची आशा सहसा धरू नये. फोरमान व वाग्नर यांच्यासमोर म्युनिक शहरातील भूजलाच्या बोअरचा नकाशा होता. हजारो छिद्रांच्या नोंदी एका कागदावर दाखवायच्या होत्या. सर्व नावांच्या चौकोनांचा आकार सारखा ठेवून, उत्तमातील उत्तम मांडणीत चौकोन जेवढे मोठे ठेवता येतील त्याच्या निम्म्या आकाराची हमी देणारा वेगवान अल्गोरिदम त्यांनी दिला. निम्म्याहून अधिक हमी देणे हेच मुळात एनपी-कठीण आहे, हेही त्यांनी सिद्ध केले. आपल्या पद्धतीची मर्यादा आपणच सिद्ध करून दाखवणे, ही त्या निबंधाची शान आहे.

मार्क्स व शीबर यांच्या लेखनाबद्दल एक बाब आवर्जून नोंदवली पाहिजे. १९९१चे ते लेखन हार्वर्डच्या विभागाचा तांत्रिक अहवाल म्हणून निघाले आणि पुढचे संशोधक त्याचा उल्लेख आजवर अहवाल म्हणूनच करीत आले आहेत. या क्षेत्राच्या पायाभूत लेखनांत त्याची गणना होते. आपल्या एपीआयच्या तक्त्यात अशा विभागीय अहवालाला किती गुण पडले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

तुलनेची शिस्त

१९९५ मध्ये जॉन क्रिस्टेन्सन, मार्क्स व शीबर यांचा निबंध ‘एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन ग्राफिक्स’मध्ये आला. प्रस्तुत लेखकाच्या मते या क्षेत्रातील सर्वांत वाचनीय लेखन हेच. तोपर्यंत जो तो आपापल्या नकाशावर आपली पद्धत चालवून ती उत्तम असल्याचे सांगत असे. या तिघांनी त्या काळच्या प्रमुख पद्धती स्वतः उभ्या केल्या, एकाच प्रकारच्या कृत्रिम नकाशांवर त्या चालवल्या आणि निकाल शेजारी शेजारी ठेवले. त्यात ‘सिम्युलेटेड अॅनिलिंग’ ही पद्धत सरस ठरली. लोहार धातू तापवून हळूहळू थंड होऊ देतो, तीच कल्पना येथे आहे. आरंभी मांडणीत वाटेल ते बदल, अगदी बिघडवणारेही, काही प्रमाणात स्वीकारायचे. जसजसे ‘तापमान’ उतरेल तसतसे फक्त सुधारणारे बदल घ्यायचे. सुरुवातीच्या चुकीच्या पावलांना वाव दिल्यामुळे पद्धत अर्ध्यावरच्या बऱ्या उत्तरात अडकून पडत नाही.

या निबंधातून साहित्याच्या अभ्यासकाला घेण्यासारखे पुष्कळ आहे. आपण दोन कवींची तुलना करताना एकाची उत्तम गझल आणि दुसऱ्याची सामान्य गझल शेजारी ठेवतो आणि निकाल देऊन मोकळे होतो. तुलनेची कसोटी आधी जाहीर करणे, ती सर्वांना सारखी लावणे आणि इतरांना तीच तुलना पुन्हा करता येईल इतके तपशील देणे, या तीन गोष्टी या निबंधाने पाळल्या आहेत. तहकीक म्हणजे केवळ माहिती जमवणे नव्हे. ती पडताळता येईल अशी मांडणे हाही तिचा भाग आहे, हे येथे प्रत्यक्ष पाहायला मिळते.

एका प्रश्नात राहणारे आणि पुढे जाणारे

या मंडळींची शैक्षणिक आयुष्ये पाहिली तर दोन तऱ्हा दिसतात. पहिली तऱ्हा प्रश्न धरून राहणाऱ्यांची. तिचे ठळक उदाहरण अलेक्झांडर वोल्फ. १९९९ मध्ये बर्लिनच्या मुक्त विद्यापीठात त्यांचा प्रबंध नाममांडणीच्या सिद्धान्तावर व व्यवहारावर झाला. पुढे ग्राइफ्सवाल्ड, कार्ल्सरूए, आइंडहोवेन अशी ठिकाणे करीत ते २००९ मध्ये वूर्ट्सबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. उट्रेख्टच्या टायको स्ट्रेइक यांच्यासह त्यांनी नाममांडणीवरील समग्र लेखनाची सूची तयार करून सर्वांसाठी खुली ठेवली. शंकर गणेश दाते यांच्या १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथसूचीशिवाय मराठीच्या अभ्यासकाचे पान हलत नाही. या लहान क्षेत्रात त्या सूचीने तेच काम केले. सूचीकाराला गुण कमी आणि कष्ट फार, हे आपल्याकडेही खरे आहे. तरीही विखुरलेल्या लेखनाला ‘क्षेत्र’ हे रूप सूचीमुळे येते.

वोल्फ यांनी प्रश्न सोडला नाही, पण तो जागच्या जागीही ठेवला नाही. मिखालिस बेकोस, मिखाएल काउफमान व अँटोनिओस सिमव्होनिस यांच्यासह त्यांनी चित्राच्या कडेला नावे लिहून रेषांनी जोडण्याचा प्रकार २००४ पासून अभ्यासला. शरीररचनेच्या पुस्तकातील आकृत्या आठवाव्यात. तेथे नावे हृदयावर लिहीत नाहीत, बाजूला लिहून रेषा ओढतात आणि त्या रेषा एकमेकींना छेदू नयेत अशी अपेक्षा असते. मार्टिन न्योलेनबुर्ग यांच्यासह वोल्फ यांनी मेट्रोचे नकाशे आपोआप काढण्याची आणि त्यावर स्थानकांची नावे बसवण्याची पद्धत २०११ मध्ये मांडली. २०१६च्या सुमारास बेनेडिक्ट बुडिग व थॉमस फान डाइक यांच्याबरोबर त्यांनी प्रश्न उलटा केला. जुन्या छापील नकाशावर नाव आणि ठिपका दोन्ही आहेत, पण कोणते नाव कोणत्या ठिपक्याचे हे यंत्राने कसे ओळखावे? जेथे यंत्राला खात्री नाही, तेथे माणसाला विचारावे, अशी त्यांची रीत आहे. वीस वर्षे नावे मांडणाऱ्याने पुढे मांडलेली नावे वाचायला घेतली, हा क्रम फार अर्थपूर्ण आहे. प्रश्नात राहणे म्हणजे त्याच निबंधाची नवी आवृत्ती काढणे नव्हे, हे यावरून ध्यानात येते.

दुसरी तऱ्हा पुढे जाणाऱ्यांची. १९९७ मध्ये नाममांडणी व तिच्या व्यापक रूपांवर पाच जणांचा एक निबंध आला. त्यात माधव मराठे हे एक लेखक. आयआयटी मद्रासमधून पदवी घेऊन अमेरिकेत गेलेल्या मराठे यांचे मुख्य काम पुढे समाजातील संपर्कांची जाळी आणि साथीच्या रोगांचा फैलाव यांच्या संगणकीय प्रतिमानांवर झाले; आज ते व्हर्जिनिया विद्यापीठात आहेत. गुन्नार क्लाऊ यांचा २००१चा प्रबंध आकृत्या व नावे यांच्या मांडणीशी निगडित होता. पुढे ते जैवमाहितीशास्त्राकडे वळले. जो मार्क्स मित्सुबिशीच्या संशोधन प्रयोगशाळेत आणि नंतर डिस्नेच्या संशोधन विभागात गेले. स्टुअर्ट शीबर तर मूळचे भाषेचेच अभ्यासक. स्विस जर्मन बोलीतील वाक्यरचना एका विशिष्ट गणिती व्याकरणात मावत नाही, हे त्यांनी १९८५ मध्ये दाखवले होते. पुढे २००८ मध्ये हार्वर्डच्या कला व विज्ञान शाखेने प्राध्यापकांचे निबंध सर्वांना मोफत वाचता यावेत असा ठराव केला. त्यामागे शीबर यांचा पुढाकार होता.

या स्थलांतरांना चंचलपणा म्हणता येणार नाही. नाममांडणीत जे कौशल्य लागते, म्हणजे परस्परविरोधी अटींतून पुरेसे चांगले उत्तर शोधणे, तेच कौशल्य रोगाच्या जाळ्यात आणि जनुकांच्या जुळणीतही लागते. लहान प्रश्नावर शिकलेली शिस्त मोठ्या प्रश्नाकडे नेता येते. आपल्याकडे विद्यार्थ्याला पीएच.डी.साठी विषय देताना तो ‘व्यापक’ असावा, असा आग्रह धरला जातो. ‘स्वातंत्र्योत्तर उर्दू कादंबरी’ असा विषय घेऊन तो पाच वर्षे भटकतो आणि शेवटी सारांशांची वही सादर करतो. म्युनिकच्या बोअरएवढा नेमका विषय त्याला मिळाला असता, तर त्याचे भले झाले असते.

पहिली हरकत : मोजणी आणि निवड

आता या संशोधनाच्या उणिवांकडे वळू. या क्षेत्रातील बऱ्याच निबंधांनी उत्तम मांडणीची कसोटी ‘जास्तीत जास्त नावे’ अशी ठेवली. गणितासाठी कसोटी सुटसुटीत हवी, हे मान्य. परंतु नकाशा ही यादी नव्हे. काही निबंध नावांना वजन देतात. मोठ्या शहराला जास्त, खेड्याला कमी. हे वजन कोणी ठरवायचे, याचे उत्तर अल्गोरिदम देत नाही, ते बाहेरून आलेले गृहीत धरतो. संशोधकांनी ही बाब लपवलेली नाही आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. तथापि परिणाम असा होतो की, खेड्याचे नाव गळण्याचा निर्णय गणिताने घेतल्यासारखा भासतो. वास्तविक तो वजन देणाऱ्याने आधीच घेतलेला असतो.

सीमाभागातील वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. मराठीत पिढ्यान्‌पिढ्या ‘बेळगाव’ म्हटल्या जाणाऱ्या शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ झाले. नकाशावर एकच नाव लिहायचे की दोन, हे कोणताही अल्गोरिदम सांगू शकत नाही. दोन लिहायची म्हटली तर जागा दुप्पट लागते. हैदराबादच्या रेल्वे-फलकावर तेलुगू, देवनागरी, रोमन आणि उर्दू अशा चार लिप्या नांदतात, कारण फलकाला जागा आहे. नकाशावरच्या दाटीच्या भागात चार ओळींचे नाव लिहायचे, तर एका ओळीत मावणाऱ्या नावांच्या सुमारे चौथा हिस्साच नावे बसतील. म्हणून एकभाषी नकाशा हा अनेकदा जागेच्या सोयीतून जन्मतो आणि नंतर तोच स्वाभाविक वाटू लागतो.

दुसरी हरकत : आयत आणि लिपी

अधिक मूलभूत हरकत आयताबद्दल आहे. येथे विचारात घेतलेले सारे निबंध नावाला एक आडवा आयत मानतात. अक्षरे आत कशीही असोत, गणिताला लांबी आणि उंची एवढेच दिसते. १९९८ मध्ये पंकज अग्रवाल, मार्क फान क्रेफेल्ड आणि सुभाष सुरी यांनी एक महत्त्वाचा निष्कर्ष दिला. सर्व आयतांची उंची सारखी असेल, तर उत्तमाच्या हवे तितके जवळ जाणारे उत्तर व्यवहार्य वेळात काढता येते. उंची वेगवेगळी असेल, तर त्यांच्या पद्धतीची हमी बरीच सैल होते. उंची सारखी असण्याची अट मुळीच अवास्तव नाही, कारण एकाच आकाराच्या टंकात छापलेल्या नावांची उंची सारखीच असते, असा त्यामागचा युक्तिवाद आहे.

रोमन लिपीपुरता हा युक्तिवाद बिनचूक आहे. देवनागरीत तो थोडा ओढून ताणून बसवावा लागतो. ‘मडगाव’ या नावाला शिरोरेषेच्या वर वा पायाखाली काही नाही. ‘हुबळी’ला खाली उकार आणि वर वेलांटीचा फाटा आहे. सर्वांत उंच नावाची उंची सर्वांना दिली की काम भागते, थोडी जागा वाया जाते इतकेच.

उर्दूच्या नस्तालीक लिपीत मात्र हा पायाच डळमळतो. नस्तालीकमध्ये जोडली जाणारी अक्षरे उजवीकडून डावीकडे तिरकस उतरत येतात. जोड जितकी लांब, तितकी तिची सुरुवात उंच. ‘दादर’ हे नाव उर्दूत लिहिताना दाल, अलिफ, दाल, रे ही चारही अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. शब्द सपाट बसतो. ‘गुलबर्गा’ (आजचे कलबुर्गी) लिहिताना गाफ, लाम, बे, रे यांची एक सलग उतरण होते आणि शब्द उंच होतो. टंक एक, आकार एक, तरी दोन नावांच्या उंचीत फरक. म्हणजे १९९८च्या निबंधातील सारख्या उंचीची अट उर्दू नावांना आपोआप लागू होत नाही. ती लागू करायची तर सर्वांत उंच नावाचा आयत सर्वांना द्यावा लागेल आणि नकाशाची मोलाची जागा रिकामी राहील. उलट तिरकस उतरणीमुळे एका नावाच्या खालच्या रिकाम्या कोपऱ्यात दुसरे नाव सुरेख सामावू शकते. कातिब हे रोज करीत आले आहेत. आयताचे गणित हा कोपरा पाहतच नाही.

इमहोफ यांच्या पसरट नावांच्या नियमालाही हीच अडचण येते. रोमन अक्षरे अंतर ठेवून प्रदेशभर पसरता येतात. देवनागरीत शिरोरेषा तुटते, पण अक्षरे निदान सुटी होतात. नस्तालीकमध्ये जोडलेला शब्द तोडला की तो शब्दच राहत नाही. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने १९८१ मध्ये हजारो जोडाकृती तयार करून ही लिपी यंत्रावर आणली, तेव्हा कातिबांच्या हाताचे ज्ञान टंकात उतरले. नकाशाच्या क्षेत्रात तसे उतरणे अद्याप बाकी आहे.

या उणिवेचा दोष संशोधकांना देणे योग्य होणार नाही. बर्लिन, हार्वर्ड वा उट्रेख्ट येथे बसून त्यांनी आपल्यासमोरच्या नकाशाचा प्रश्न सोडवला. नस्तालीकचा प्रश्न ज्यांच्यासमोर आहे त्यांनी, म्हणजे आपण, तो मांडलाच नाही. एखाद्या प्रश्नाला विद्वत्तेत स्थान मिळण्यासाठी कोणीतरी तो नेमक्या शब्दांत लिहून ठेवावा लागतो.

तिसरी हरकत : सिद्धान्ताची ओढ

नावांचे आयत एकमेकांवर न चढता जास्तीत जास्त कसे निवडावेत, या प्रश्नाने पुढे स्वतंत्र आयुष्य धरले. २००९ मध्ये पारिन्या चालेर्मसूक व जुलिया चुझॉय यांनी १९९८ची हमी पुष्कळ सुधारली. २०२१ मध्ये जोसेफ मिचेल यांनी, आयत कितीही असोत, उत्तर उत्तमाच्या एका ठराविक पटीच्या आत राहील हे सिद्ध केले. लगेच २०२२ मध्ये सहा जणांच्या गटाने ती पट ३ वर आणली. त्या गटात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अरिंदम खान होते. म्हणजे १९९८ ते २०२१ अशी २३ वर्षे अनेकांनी एका आयताच्या प्रश्नाशी झुंज दिली. या चिकाटीला दाद द्यावी तितकी थोडी.

तरीही येथे एक सावधगिरी नोंदवणे आवश्यक आहे. या शेवटच्या टप्प्यात नकाशा प्रस्तावनेपुरता उरतो. गाव, नदी, वाचक कोणीही नसते. शुद्ध सिद्धान्ताला हा अधिकार आहेच. परंतु विद्यापीठीय प्रतिष्ठा सिद्धान्ताकडे झुकली की इमहोफ यांचे शहाणपण मागे पडण्याचा धोका असतो. उर्दू समीक्षेतही अरूजच्या वादात शेर हरवल्याची उदाहरणे थोडी नाहीत. या प्रवाहाला उलट दिशेने नेणारे कामही झाले आहे. २००६ मध्ये केन बीन, एली डायशेस आणि ची याप यांनी हलत्या नकाशाचा विचार केला. नकाशा जवळ आणताना दिसत असलेले नाव अचानक नाहीसे होऊ नये, नावांनी उड्या मारू नयेत आणि वाचक कोणत्या वाटेने आला यावर नावाची जागा अवलंबून असू नये, अशा अपेक्षा त्यांनी मांडल्या. या अपेक्षा वाचकाच्या डोळ्यापासून सुरू होतात आणि मग गणिताकडे जातात. मोबाइलवर नकाशा पाहणाऱ्या आजच्या प्रत्येकाला त्यांचे महत्त्व पटेल.

आपल्यासाठी

या वाटचालीतून महाविद्यालयीन शिक्षकाने काय घ्यावे? पहिली गोष्ट, प्रश्नाच्या लहानपणाची लाज बाळगू नये. दुसरी, तुलना करायची तर कसोटी आधी सांगावी. तिसरी, सूची, कोश, नोंदी यांसारखे सेवेचे काम दुय्यम मानू नये. चौथी, निबंध कोठे छापला यापेक्षा तो कोणाच्या उपयोगी पडला, हे पाहावे. विभागीय अहवालही क्षेत्राचा पाया ठरू शकतो.

आणि एक काम तर आपल्या दाराशीच आहे. बेळगाव, हैदराबाद, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, गोवा या भागांतील गावांची नावे मराठीत व उर्दूत कशी लिहितात, जुन्या दस्तऐवजांत ती कशी आढळतात आणि नस्तालीकमध्ये लिहिल्यावर त्यांची उंची व उतरण किती होते, याची पद्धतशीर यादी उर्दू, मराठी व भूगोल या विभागांनी मिळून करता येईल. एका महाविद्यालयाने एक तालुका घेतला तरी पुरे. अशी यादी हाती असेल, तर संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आयताऐवजी उतरणीचा आकार घेऊन नवा प्रश्न मांडता येईल. भाषेच्या शिक्षकाचा त्यातील वाटा उपऱ्याचा राहणार नाही, कारण त्या आकाराची जाण त्यालाच आहे.

नाव कोठे लिहावे याचा विचार इमहोफ यांनी हाताने केला, फ्रीमन यांनी यंत्राने, वोल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने. त्या तिन्ही विचारांत आपल्या लिप्या अजून आलेल्या नाहीत. त्यांनी आपले काम सचोटीने केले. आपल्या लिप्यांचा प्रश्न मांडण्याची जबाबदारी आपल्यावर आहे.